सासऱ्यांच्या वाचनासाठी २०१९चा रिफर्बिश्ड (जुना, दुरुस्त करून परत विकलेला) आयपॅड घ्यावा का? (नाशिक)

गोदातीर (शनिवार, रात्री ९.५०)

नमस्कार मंडळी. घरात चार दिवस एकाच विषयावर चर्चा चाललीय, निर्णय होत नाही, म्हणून इथे विचारतेय.

सासऱ्यांसाठी टॅब घ्यायचा आहे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय ७६, नोट प्रेसमधून निवृत्त, आम्ही जेलरोडला राहतो. एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याला डॉक्टर थांबा म्हणताहेत. वाचनाशिवाय माणूस राहू शकत नाही. आधी सार्वजनिक वाचनालयातून पुस्तकं आणायचे, आता भिंग घेऊनसुद्धा अर्ध्या तासात डोळ्याला पाणी येतं. प्रेसमधल्या एका जुन्या सहकाऱ्याने पेनड्राइव्हवर दोनेकशे पीडीएफ दिल्यात : पोथ्या, संतवाङ्मय, जुनी मासिकं. त्या ते मोबाइलवर वाचतात. बोटांनी पान मोठं करायचं, ओळ डावीकडून उजवीकडे सरकवत न्यायची, आणि शेवटाला पोचले की पुढची ओळ कुठे सुरू होते तेच सापडत नाही. मग परत पान लहान. मला ते बघवत नाही.

महात्मा गांधी रोडवरच्या एका दुकानात रिफर्बिश्ड आयपॅड दाखवला. सातवी पिढी, ३२ जीबी, वायफायवाला, १०,५०० रुपये, दुकानाची सहा महिन्यांची वॉरंटी. दिसायला चकचकीत. त्याच दुकानात नववी पिढी ६४ जीबी १७ हजारांना आहे. माझं बजेट ताणून ताणून १४. मुलगी नववीत आहे, तीही म्हणते मला नोट्ससाठी होईल. यांचं म्हणणं, जुनं नकोच, त्याच पैशात नवीन अँड्रॉइड टॅब घेऊ.

घ्यावा का? आणि घ्यायचा तर दुकानात काय बघायचं?

पाथर्डीफाटा (शनिवार, रात्री १०.१५)

तुमच्या मिस्टरांशी सहमत. १३-१४ हजारांत नामांकित कंपनीचा नवा टॅब येतो, एक वर्षाची कंपनी वॉरंटी, नवी बॅटरी, पक्कं बिल. काही झालं तर सर्व्हिस सेंटरला नेऊन देता येतं. रिफर्बिश्ड म्हणजे आत कोणी काय केलंय ते देवालाच माहीत. मी दोनदा रिफर्ब फोन घेतले, दोन्ही वेळा बॅटरी वर्षभरात बसली.

सोल्डरगन (शनिवार, रात्री ११.३०)

ताई, मी बारा वर्षं मोबाइल-टॅब रिपेअरिंग करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. जुना टॅब किती जुना, हे तो कोणी कधी विकत घेतला यावर ठरत नाही, ते मॉडेल बाजारात कधी आलं यावर ठरतं. दुकानदार सांगेल "पार्टीने २०२२ला घेतलाय, दोनच वर्षं वापरलाय". खरंही असेल. पण सॉफ्टवेअर कंपनी मॉडेलचं वय मोजते, तुमच्या वापराचं नाही.

सातवी पिढी २०१९ची. तिच्यातली ए१० चिप त्याहूनही जुनी, २०१६च्या फोनमधली. आयपॅडओएस (आयपॅडची सिस्टिम) १८ला ती थांबली, पुढचं आयपॅडओएस २६ तिला मिळालं नाही. आठवी पिढी (२०२०, ए१२ चिप) आणि नववी (२०२१, ए१३) यांना ते मिळालं. म्हणजे तुम्ही १०,५०० देऊन जी वस्तू घेताय तिचा पुढचा रस्ता बंद झालेला आहे. ती उद्या बंद पडणार नाही, पीडीएफ उघडायला ती आणखी काही वर्षं चालेल. पण एकेक अ‍ॅप हळूहळू "या आवृत्तीवर चालत नाही" म्हणायला लागतं. सहाव्या पिढीच्या (२०१८) आयपॅडवर आज हेच सुरू आहे, तो आयपॅडओएस १७वर थांबला.

दुसरं, ३२ जीबी. त्यातली बरीच जागा सिस्टिमच खाते. आयपॅडला मेमरी कार्ड घालायची सोय नाही. स्कॅन केलेल्या पीडीएफ वजनाला भारी असतात, एकेक शंभर-दीडशे एमबीची. दोनशे पुस्तकं आणि वर मुलीचा अभ्यास, अपडेट करायची वेळ आली की जागाच उरणार नाही.

तिसरं म्हणजे सातवी, आठवी आणि नववी पिढी बाहेरून सारख्याच दिसतात. तोच १०.२ इंचाचा स्क्रीन, तेच गोल बटण, तेच कव्हर बसतं. दुकानात अनवधानाने किंवा जाणूनबुजून अदलाबदल होते. मागच्या बाजूला बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, तो वाचा. वायफायवाल्या सातव्या पिढीवर ए२१९७, आठवीवर ए२२७०, नववीवर ए२६०२. नंबर खरवडलेला असेल किंवा मागची बॉडी बदललेली असेल तर सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडून बघा.

तिथेच अजून एक खूण मिळते. अबाउटमध्ये मॉडेल नंबर दिसतो, त्याचं पहिलं अक्षर बघा. एम म्हणजे नवा म्हणून विकलेला. एफ म्हणजे कंपनीनेच दुरुस्त करून विकलेला. एन म्हणजे कंपनीने कुणाला तरी बदली म्हणून दिलेला. आपल्याकडच्या दुकानात "रिफर्बिश्ड" म्हणून मिळतात त्यातले बहुतेक एमवाले असतात, म्हणजे साधे सेकंडहँड, पुसून-चकाकून ठेवलेले. त्यात वाईट काही नाही, फक्त रिफर्बिश्ड या शब्दाचे जास्तीचे पैसे देऊ नका.

नव्या अँड्रॉइडबद्दल उद्या लिहितो, दुकान उघडायचंय सकाळी.

मुक्तविद्यार्थिनी (रविवार, सकाळी ७.२०)

अँड्रॉइडच्या बाजूने माझा अनुभव सांगते. मी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून एमए करतेय, नोकरी सांभाळून. दीड वर्षापूर्वी सेकंडहँड गॅलेक्सी टॅब एस६ लाइट घेतला, २०२०चा, ओळखीतल्या बाईंकडून. पेन सोबतच येतो, त्याला चार्जिंग लागत नाही कारण त्यात बॅटरीच नाही. मेमरी कार्डही घालता येतं. सिडकोहून सीबीएसला येताना बसमध्ये अभ्यासपुस्तिका उघडून समासात पेनाने लिहीत बसते. रविवारी संपर्क सत्राला वही नेणं मी बंदच केलंय. कुठे प्रश्नचिन्ह टाकलं होतं, कुठे दोन वेळा रेघ मारली होती, परीक्षेच्या आदल्या रात्री सगळं तिथल्या तिथे सापडतं.

उणं म्हणजे अँड्रॉइड १३च्या पुढे गेला नाही. अजून काही अडलं नाही. बँकेचं काही मी त्यावर ठेवत नाही, ते फोनवर.

मुलीसाठी म्हणत असाल तर पेनाचा विचार नक्की करा. आयपॅडला पेन वेगळा घ्यावा लागतो आणि तो स्वस्त नाही.

द्राक्षबाग_निफाड (रविवार, सकाळी ९.०५)

माझी झालेली फसवणूक सांगतो, कुणाचे तरी पैसे वाचावेत एवढ्याचसाठी.

गेल्या हंगामात बागेच्या फवारणीच्या नोंदी ठेवायला टॅब हवा होता. ऑनलाइन जाहिरात बघून द्वारकेजवळ एकाकडून आठ हजारांत घेतला. चालू होता, व्हिडिओ चालत होते, स्क्रीन स्वच्छ. घरी आणला, पोराने म्हटलं आधीच्या माणसाचं सगळं पुसून टाकू. रीसेट केला. परत चालू करताना वायफाय जोडलं आणि स्क्रीनवर आलं की हा टॅब अमुक संस्थेच्या व्यवस्थापनाखाली आहे, त्यांचं युजरनेम-पासवर्ड टाका. विकणाऱ्याचा फोन बंद. जाहिरात गायब. तेव्हापासून टॅब कपाटात पडून आहे. बिल नाही, चिठ्ठी नाही, कुठे जाणार मी? आठ हजार म्हणजे आमच्याकडे फवारणीच्या मजुरीचे पैसे असतात हो.

सोल्डरगन (रविवार, सकाळी ९.४०)

दादा, वाईट वाटलं. हे माझ्या टेबलावर महिन्यातून दोन-तीनदा येतं, आणि उपाय त्या संस्थेकडेच असतो. शाळा, कंपन्या एकगठ्ठा टॅब घेतात, त्यांचा सीरियल नंबर त्यांच्या खात्यात नोंदलेला असतो. टॅब कितीही पुसला तरी नेट लागलं की तो मालकाला विचारतो. "अनलॉक करून देतो" म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नका, पुढच्या रीसेटला कुलूप परत येतं.

म्हणून ताई, दुकानात समोर रीसेट करायला लावा. आणि सेटअप करताना तुमच्या फोनचं हॉटस्पॉट द्या. काही टॅबवर नेट नसताना सेटअप पुढे सरकतो आणि वाटतं सगळं ठीक आहे. हॉटस्पॉट दिल्यावर होम स्क्रीनपर्यंत कुठलाही जुना ईमेल, जुना पासवर्ड न मागता पोचला, तरच पैसे काढा. अँड्रॉइडलाही तेच, तिथे जुनं गुगल खातं मागतो. सिमवाला टॅब असेल तर आयएमईआय नंबर (प्रत्येक फोन-टॅबचा वेगळा ओळख क्रमांक) सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर टाकून बघा, चोरीचा म्हणून नोंद असेल तर कळतं. वायफायवाल्याला आयएमईआय नसतो, तिथे बिल हाच आधार. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या. नुसतं "आयपॅड १ नग" लिहिलेलं बिल पुढे भांडायला उपयोगी पडत नाही. बिल हातात असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५वर तक्रार तरी नोंदवता येते.

आता नव्या अँड्रॉइडबद्दल. पाथर्डीफाटा यांचं बिल आणि वॉरंटीचं म्हणणं शंभर टक्के बरोबर. पण त्या किमतीतल्या टॅबमध्ये स्टोरेज बहुतेक वेळा हळू प्रकारचं असतं, रॅम ३-४ जीबी. पहिले सहा महिने छान. मग भारी पीडीएफचं पान उलटताना आधी पांढरं, मग धूसर, मग अक्षर. तरुण माणूस चालवून घेतो. ७६ वर्षांच्या माणसाला वाटतं आपलंच बोट चुकलं, आणि ते परत परत दाबत राहतात.

गोदातीर (रविवार, दुपारी १.१५)

खूप आभार सगळ्यांचे. "आपलंच बोट चुकलं" वाचून थांबले, कारण अण्णा मोबाइलवर अगदी तसंच करतात. "माझ्याच हातून काहीतरी झालं गं" म्हणून फोन माझ्याकडे देतात.

एक प्रश्न. आयपॅड १०.२ इंच, एस६ लाइट १०.४ इंच. मग अक्षर मोठं कशात दिसेल? मोठ्या इंचाचा घेतला की मोठं अक्षर, असं सरळ आहे का?

खिळे_ते_डीटीपी (रविवार, दुपारी ३.३०)

सरळ नाही, आणि हा माझ्या आवडीचा विषय. पस्तीस वर्षं छपाईच्या धंद्यात गेली, सुरुवात खिळ्यांच्या जुळणीपासून. तुमच्या अण्णांना तर कागद आणि माप सांगावं लागणार नाही.

इंच मोजतात तो कर्ण असतो. आकार बघा. आयपॅड चारास तीन, म्हणजे उभा धरला तर रुंदी साधारण १५.५ सेंमी, उंची २०.७. एस६ लाइट पाचास तीन, रुंदी १३.६, उंची २२.६. एक रुंद, एक लांबट.

आता आपलं मराठी पुस्तक. नेहमीची कादंबरी डेमी अष्टमांश, साडेपाच बाय साडेआठ इंच. ती उभ्या टॅबवर दोन्हीकडे जवळजवळ छापील आकाराचीच दिसते, थोडी लहान. म्हणजे उभ्यात दोन्ही सारखे, आणि अण्णांना छापील आकारच झेपत नाही, तेव्हा उभं धरून काहीच साधत नाही.

आडवं धरा. पानाची रुंदी स्क्रीनच्या लांब बाजूला बसवा. आयपॅडवर डेमीचं पान जवळपास दीडपट होतं. १२ पॉइंटचं (पॉइंट म्हणजे अक्षराच्या आकाराचं माप) अक्षर १८ पॉइंटसारखं दिसतं. मोठ्या टाइपाची पुस्तकं छापतात ती साधारण १६ ते १८ पॉइंटात, तेव्हा आपण नेमके तिथे पोचलो. आणि एका वेळी अर्धं पान दिसतं. वरचं अर्धं वाचलं, एकदा सरकवलं, खालचं अर्धं. ओळ डावीकडून उजवीकडे सरकवायची नाही, म्हणजे तुमचं ते ओळ हरवण्याचं दुखणं संपलं. एस६ लाइट आडवा धरला तर अक्षर त्याहून किंचित मोठं, १.६ पट, पण उंची कमी असल्याने पानाचा चाळीस टक्क्यांच्या आतबाहेरच भाग दिसतो, मग एका पानाला अडीच वेळा सरकवायचं. हे अर्धं अडनिडं पडतं, वाक्याच्या मध्येच पान तुटतं. वाचणाऱ्याला दर पानाला ते जाणवतं.

शाळेची पुस्तकं आणि मोठ्या आकाराची मासिकं ए४च्या जवळ जातात. ती उभ्या आयपॅडवर १४.७ सेंमी रुंद दिसतात, एस६ लाइटवर १३.६. तिथे आयपॅड सरळ सरस.

अजून एक, फार कोणी सांगत नाही. आयपॅडला आयपॅडओएस १६पासून मराठी आवाज आहे, मजकूर वाचून दाखवतो. अँड्रॉइडवर गुगलचाही मराठी आवाज आहे. पण पेनड्राइव्हवरच्या पीडीएफ तीन जातीच्या असतील. युनिकोडमधल्या, म्हणजे ज्यात मराठी अक्षर आतूनही मराठीच असतं, त्या तो वाचेल. स्कॅन असतील तर ती चित्रं, तिथे काही वाचणार नाही. आणि आमच्या पिढीने जे श्रीलिपीसारख्या जुन्या फॉण्टात जुळवलं, ते डोळ्याला मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरांचा कोड असतो. ते वाचायला लावलं तर अर्थहीन आवाज येतात. तेव्हा टॅब बिघडला म्हणू नका. ओळखायची रीत सोपी : एक शब्द निवडून कॉपी करा आणि नोट्समध्ये चिकटवा. मराठी उतरलं तर युनिकोड.

आम्ही त्या फॉण्टांत हजारो पानं जुळवली, आणि आज ती पानं ज्यांना ऐकायची आहेत त्यांना ऐकता येत नाहीत, याची मला मनापासून खंत आहे.

मुक्तविद्यार्थिनी (रविवार, दुपारी ४.००)

काका, अप्रतिम. मी आत्ता माझा टॅब आडवा धरून बघितला, पान खरंच अडीच वेळा सरकवावं लागतं. अभ्यासाला मला चालतं, वाचायला नाही.

सिन्नरचे_सर (रविवार, सायं. ६.४५)

मी माध्यमिक शाळेत शिकवतो. ताई, एक स्पष्ट बोलू का? तुम्ही एका टॅबवर दोन माणसांची सोय बघताय, त्यामुळे तुम्हाला ठरवता येत नाही.

मुलीची पुस्तकं बालभारतीच्या संकेतस्थळावर पीडीएफमध्ये फुकट आहेत, आणि छापील पुस्तकं तिच्या दप्तरात आहेतच. नववीच्या मुलीला टॅबवर लिहायची सवय लावू नका. दहावीला तिला तीन-तीन तास हाताने लिहायचंय, पेन आणि कागदावर. माझ्याकडे हस्ताक्षर आणि वेग दोन्ही घसरलेली मुलं येतात. आणि संध्याकाळी सात ते नऊ टॅब कोणाचा? नात मागणार, आजोबा देणार. आजोबा नाही म्हणत नाहीत. महिन्याभरात तो टॅब नातीचा झालेला असेल आणि अण्णा परत मोबाइलवर.

अण्णांसाठीच घ्या. मग पेन लागत नाही, मोठा प्रोसेसर लागत नाही, फक्त पान स्वच्छ, आकार योग्य आणि बॅटरी धड पाहिजे.

गोदातीर (रविवार, रात्री १०.२०)

सर, स्पष्ट बोललात ते बरं केलंत. आज रात्री जेवताना अण्णांनाच विचारलं, तुम्ही नक्की कधी वाचणार? ते म्हणाले पहाटे पाच ते सात, आणि दुपारी जेवण झाल्यावर तासभर. संध्याकाळी ते कट्ट्यावर जातात. मग मुलीकडे बघून म्हणाले, "तिला पाहिजे तेव्हा घेऊ दे की." म्हणजे सर म्हणाले ते तंतोतंत.

मुलीशी बोलले. तिला वाईट वाटलं, पण म्हणाली आजोबांना सगळं शिकवायचं काम माझं. ठरलं, अण्णांचाच.

काकांनी सांगितलेलं आडव्या पानाचं माप अण्णांना दाखवलं. त्यांनी पट्टी आणली, पुठ्ठ्यावर २०.७ बाय १५.५चा चौकोन कापला आणि एका पुस्तकावर धरून बघत बसले. एवढे खूश मी त्यांना बऱ्याच दिवसांनी पाहिले.

पाथर्डीफाटा (रविवार, रात्री १०.५०)

फक्त वाचनच असेल आणि दोघा अनुभवी लोकांनी एवढं समजावल्यावर माझा आग्रह मागे घेतो. पण बिल आणि बॅटरी, या दोन गोष्टी सोडू नका.

सोल्डरगन (सोमवार, सकाळी ८.३०)

बॅटरीचं सांगतो. या जुन्या आयपॅडमध्ये सेटिंग्जमध्ये बॅटरी हेल्थ दिसत नाही, फोनसारखी. संगणकाला जोडून थ्रीयूटूल्ससारख्या प्रोग्रॅममध्ये सायकल काउंट (बॅटरी पूर्ण किती वेळा वापरून झाली तो आकडा) आणि उरलेली क्षमता दिसते. महात्मा गांधी रोडवर बहुतेक दुकानात तो असतोच, दाखवा म्हणायचं. हजार सायकलनंतर ८० टक्के क्षमता राहील असा आयपॅडच्या बॅटरीचा हिशेब असतो. ४००च्या आत असेल तर निर्धास्त घ्या. आकडा संशयास्पद कमी, पाच-दहा असा दिसला तर बॅटरी बदललेली आहे, कुठली टाकली ते विचारा.

फुगलेली बॅटरी आकड्यात दिसत नाही, ती डोळ्याने बघायची. टॅब काचेच्या काउंटरवर पाठीवर ठेवा, एका कोपऱ्यावर हलकं बोट ठेवा. डुगडुगला तर नको. मग डोळ्याच्या पातळीला उचलून काच आणि चौकट यांच्या मधली फट चारही बाजूंनी बघा. एका बाजूने नख जाईल एवढी उघडली असेल तर आतून दाब आहे. शेवटी ब्राइटनेस पूर्ण करून पांढरं पान उघडा. मधे कुठे जास्त उजळ ठिपका दिसला तर तोही दाबाचाच. वाचणाऱ्या माणसाला तो ठिपका रोज त्याच जागी दिसणार.

या पिढ्यांचं एक चांगलं : वरची काच आणि आतला डिस्प्ले वेगळे असतात, चिकटवलेले नसतात. काच फुटली तर नुसती काच बदलता येते. हेडफोनचं ३.५ मिमी भोकही आहे, दहाव्या पिढीपासून ते काढलं.

सातवी मिळत असेल आणि नुसत्या वाचनाला असेल, तर साडेसात-आठपर्यंत ठीक. १०,५००ला मी स्वतः घेणार नाही. आठवी पिढी १२८ जीबीची कुठे पडलेली आहे का विचारा. गिऱ्हाईक नववीच मागतं म्हणून आठवी मागे राहते.

गोदातीर (गुरुवार, रात्री ९.३०)

घेतला!

मंगळवारी दुपारी अण्णांनाच बरोबर घेऊन गेले. शालिमारला उतरून चालत गेलो. आधी तोच सातव्या पिढीचा हातात घेतला. मागचा नंबर ए२१९७, बरोबर होता. सोल्डरगनदादांनी सांगितलं तसं डोळ्याच्या पातळीला धरला, आणि बटणाच्या उजव्या बाजूला फट दिसली. ट्यूबलाइटचा उजेड आत शिरताना दिसत होता, बारीक पांढरी रेघ. मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "हा कागद सरळ कापलेला नाही." दुकानदाराने वाद घातला नाही, बाजूला ठेवला.

मग आठवी आहे का विचारलं. त्यांनी खालच्या खणातून काढला. ए२२७०, १२८ जीबी, करड्या रंगाचा, मागे एका कोपऱ्याला पोचा. मागत होते १४,५००. रीसेट, माझं हॉटस्पॉट, सगळं समोर केलं, कुठलाही जुना ईमेल मागितला नाही. अबाउटमध्ये पहिलं अक्षर एम. संगणकाला जोडून दाखवला, सायकल २१२, क्षमता ९० टक्के. पांढरं पान उघडून अण्णांनीच बघितलं. त्यांनी पेनड्राइव्हमधली एक पोथी मी मोबाइलवर आणली होती ती त्यावर पाठवायला लावली, आणि टॅब आडवा धरून उभ्या उभ्या दोन पानं वाचली. दुकानात गर्दी होती, मागचं गिऱ्हाईक थांबलेलं, तरी त्यांनी घाई केली नाही. दुकानदाराने स्टूल दिलं त्यांना.

पोच्याचं कारण सांगून १३ हजारांत ठरलं, केबल आणि चार्जरसह. बिलावर सीरियल नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी हाताने लिहून घेतली, शिक्का मारून.

आज तिसरा दिवस. पहाटे पाचला उठून वाचताहेत. मुलीने त्यांना रंग उलटे करायचं शिकवलं, काळ्यावर पांढरी अक्षरं. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला पांढऱ्या पानाची तिरीप लागत होती ती कमी झाली म्हणतात. व्हॉट्सॲपही टाकून दिलं, आता आयपॅडलाही वेगळं ॲप आहे, पण अण्णांनी त्याला हात लावलेला नाही. काकांची कॉपी करून चिकटवायची युक्ती त्यांनी स्वतः केली. दोनशेतल्या एकवीस पीडीएफ युनिकोड निघाल्या, त्यांची वेगळी यादी वहीत केलीय, "ऐकण्यासाठी" असं वर लिहून.

एक अडचण. रात्री झोपताना चार्जिंगला लावतात आणि पहाटे पाचला काढतात, सात तास लागलेला असतो. चालेल ना? आणि अपडेट आलंय म्हणून सारखा विचारतोय, करू का?

खिळे_ते_डीटीपी (गुरुवार, रात्री ९.५५)

"हा कागद सरळ कापलेला नाही." अण्णांना माझा नमस्कार सांगा. आणि त्यांच्याकडे श्रीलिपीतली जी पानं आहेत त्यातली पाच-सहा, जी त्यांना सगळ्यात जास्त ऐकावीशी वाटतात, ती मला पाठवा. कन्व्हर्टर वापरून युनिकोड करून देतो, जोडाक्षरं तपासून. वेळ लागेल, पण देतो.

सोल्डरगन (गुरुवार, रात्री ११.१०)

ताई, उत्तम सौदा झाला. पोचा कोपऱ्याला आहे, स्क्रीनपासून लांब, काही त्रास नाही.

रात्रभर लावल्याने एका रात्रीत काही होत नाही, पण रोज तासन्‌तास शंभर टक्क्यांवर राहिली की बॅटरी लवकर थकते, आणि नाशिकच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात जास्तच. सात वाजता वाचन संपलं की लावायला सांगा, आंघोळ-चहा होईपर्यंत पुरेसा भरतो. उशीखाली, गादीवर चार्ज करू नका, टेबलावर ठेवा. कव्हर जाड असेल तर चार्जिंगला काढून ठेवा.

अपडेट करा, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते. फक्त वाचनाच्या वेळी नको. शनिवारी दुपारी अण्णा झोपले की वायफायवर लावा, आधी पीडीएफ पेनड्राइव्हवर आहेत ना ते बघून. पहिले एक-दोन दिवस जरा गरम आणि संथ वाटेल, घाबरू नका.

सहा महिन्यांची वॉरंटी संपायच्या आठवडाभर आधी तो परत संगणकाला जोडून आकडा बघा. ९०चा ८०च्या खाली गेला असेल तर बिल घेऊन त्याच दुकानात जा.

गोदातीर (शुक्रवार, सकाळी ७.१०)

आत्ताच लावला चार्जिंगला, टेबलावर. काका, पानं आज रात्री पाठवते. अण्णा निवडताहेत, पाचावर थांबत नाहीत.